द्रवगतिक वंगण (जर्नल व थ्रस्ट बेअरिंगांतील)

एकमेकांवर सरकणाऱ्या दोन पृष्ठभागांमधील निमुळत्या फटीत तेल ओढले गेले की त्यात आपोआप दाब निर्माण होतो. या दाबावर सर्व भार तोलला जाऊन धातूला धातू शिवेनासा होतो, तेव्हा त्या वंगणक्रियेला द्रवगतिक वंगण म्हणतात. येथे पंपाचे काम तेल फटीपर्यंत पोचवण्यापुरतेच असते. पंपाच्या दाबावरच भार उचलणारे द्रवस्थितिक वंगण हा वेगळा प्रकार असून या नोंदीत त्याचा विचार केलेला नाही. शाफ्टच्या अक्षाला काटकोनात येणारा भार जर्नल बेअरिंग पेलते, तर अक्षाच्या दिशेने येणारा रेटा थ्रस्ट बेअरिंग घेते. वाफेची टर्बाइने, जलविद्युत् संच, जहाजांची प्रणोदन यंत्रणा, मोठे पंप आणि मोटारींची एंजिने ही त्यांची नेहमीची ठिकाणे होत.

तेल ‘बुळबुळीत’ असते म्हणून यंत्र हलके फिरते, ही समजूत या बाबतीत अपुरी आहे. भार पेलण्यासाठी श्यानता (द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध), सापेक्ष वेग आणि पाचरीसारखी निमुळती होत जाणारी फट या तिन्ही गोष्टी लागतात. त्या जुळून आल्या तर पाणी, एवढेच काय हवाही, वंगणाचे काम करते. भर पावसात द्रुतगती मार्गावर वेगाने जाणाऱ्या गाडीचे टायर पाण्याच्या पातळ थरावर उचलले जाऊन ब्रेक निकामी ठरतात, त्यामागे हाच नियम आहे.

इतिहास : या शोधाचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकवाक्यता नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव हिर्न यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भरपूर तेल असताना घर्षण वेगाबरोबर वाढते असे आढळले होते. कोरड्या घर्षणाच्या प्रचलित नियमांशी हे जुळणारे नव्हते. अमेरिकेत रॉबर्ट थर्स्टन यांनी १८७९ च्या सुमारास घर्षण एका विशिष्ट स्थितीत किमान होऊन पुन्हा वाढते, असे नोंदवले. रशियात निकोलाय पेत्रोव यांनी १८८३ मध्ये बेअरिंगमधील घर्षण म्हणजे तेलाच्या थराचे अंतर्गत घर्षण होय असे मांडून त्याचे सूत्र दिले. रेल्वेसाठी प्राणिज व वनस्पतिज तेलांऐवजी कॉकेशसमधील खनिज तेल चालेल का, हा त्यांच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न होता. सोव्हिएत काळातील ग्रंथ पेत्रोव यांना या शास्त्राचे जनक मानतात. मात्र त्यांच्या मांडणीत शाफ्ट बेअरिंगच्या नेमक्या मध्यभागी धरला होता. अशा समकेंद्री मांडणीत घर्षण मोजता येते, भार मात्र पेलला जात नाही. म्हणजे मूळ कोडे शिल्लकच राहते.

ते कोडे उघड झाले ते लंडनच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसाठी बोशाँ टॉवर करीत असलेल्या प्रयोगांत. रेल्वेच्या आसाच्या धर्तीवर त्यांनी ४ इंच व्यासाचा जर्नल (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) वरून अर्धवट वेढणाऱ्या पितळी बेअरिंगखाली फिरवला. जर्नलचा खालचा भाग तेलात बुडलेला होता. तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रातून तेल उलट वर येऊ लागले. छिद्रात ठोकलेले लाकडी बूच बाहेर फेकले गेले. तेथे जोडलेला दाबमापक २०० पौंड प्रति चौरस इंचाच्याही पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार तेव्हा अवघा १०० पौंड प्रति चौरस इंच होता. पहिला अहवाल १८८३ मध्ये आला. १८८५ च्या दुसऱ्या अहवालात टॉवर यांनी दाब ठिकठिकाणी मोजून त्यांची बेरीज केली. ती ७,९८८ पौंड भरली. प्रत्यक्ष भार ८,००८ पौंड होता. तेलच भार उचलते याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात या आकड्यांचे गणित सोडवले. पातळ थरातील दाब, श्यानता, वेग आणि थराची जाडी यांना जोडणारे त्यांचे अवकल समीकरण आजही या विषयाचा पाया आहे. म्हणून पेत्रोव यांना घर्षणसूत्राचे आणि टॉवर-रेनल्ड्झ यांना भारधारणेचे श्रेय देणे अधिक योग्य ठरते.

घर्षणाच्या किमान बिंदूचा आलेख आज रिखार्ट श्ट्रीबेक यांच्या नावाने (१९०२) ओळखला जातो. थर्स्टन यांची नोंद व आडोल्फ मार्टेन्स यांचे १८८८ चे प्रयोग त्याआधीचे आहेत. श्यानता, वेग व भार एकाच आडव्या अक्षावर गुंफण्याचे काम तर १९१४ च्या सुमारास ग्यूंबेल व हर्सी यांनी केले. आलेखाच्या डावीकडे धातू धातूला घासतो (सीमा वंगण), मध्ये मिश्र अवस्था असते आणि किमान बिंदूच्या उजवीकडे पूर्ण थराचे द्रवगतिक वंगण सुरू होते. चांगल्या बेअरिंगचा कार्यबिंदू किमान बिंदूच्या थोडा उजवीकडे ठेवतात. अगदी त्यावर ठेवला तर तेल जरा तापताच तो डावीकडे घसरण्याची भीती असते.

जर्नल बेअरिंग : शाफ्ट व बेअरिंग यांच्या व्यासांतील फरक साधारणपणे व्यासाच्या एक हजारांश असतो, १०० मिमी. शाफ्टला सुमारे ०.१ मिमी. थांबलेला शाफ्ट तळाशी टेकलेला असतो. फिरू लागताच तो प्रथम कडेने चढतो आणि तेल ओढले जाताच उचलला जाऊन दुसऱ्या बाजूला सरकतो. म्हणून शाफ्टचा मध्य भाराच्या रेषेत न राहता तिच्याशी कोन करून राहतो. सर्वांत पातळ ठिकाणी थर काही दशक मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे सामान्यतः केसाच्या जाडीपेक्षा बारीक असतो. घर्षणगुणांक ०.००१ ते ०.००५ च्या आसपास येतो.

आर्नोल्ट झॉमरफेल्ट यांनी १९०४ मध्ये अनंत लांबीच्या पूर्ण वेढ्याच्या बेअरिंगसाठी रेनल्ड्झ समीकरणाचे बंदिस्त (थेट सूत्ररूपातले) उत्तर काढले. ते गणिती दृष्ट्या देखणे आहे, पण त्यात फटीच्या रुंदावत जाणाऱ्या अर्ध्या भागात अरुंद होत जाणाऱ्या भागातील धन दाबाइतकाच ऋण दाब येतो. तेल एवढा ताण सहन करीत नाही. थर फाटतो व त्यात वायूचे बुडबुडे होतात. ऋण दाब सरळ शून्य धरावा, ही ग्यूंबेल यांची युक्ती सोपी आहे, पण थर फाटतो तेथे प्रवाहाचे सातत्य तीत बिघडते. स्विफ्ट व श्टीबर यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी थर फाटण्याच्या जागी दाब व त्याचा उतार दोन्ही शून्य धरले. ही कल्पना मुळात रेनल्ड्झ यांच्या निबंधातच सूचित झाली होती. थर पुन्हा कोठे जुळतो हे सांगणारी अट याकोबसन व फ्लोबेरी (१९५७) आणि ओल्सन (१९६५) यांनी दिली. संगणकीय आकडेमोडीत हीच अट आता पसंत केली जाते. नेहमीच्या आराखड्यांसाठी मात्र रायमोंडी व बॉइड यांचे १९५८ चे तक्ते आणि आखूड बेअरिंगांसाठी ऑक्व्हर्क यांचे आसन्न सूत्र अजून पुरते.

वेगवान व हलक्या भाराच्या शाफ्टचा मध्य कधीकधी स्वतःच गोल फिरू लागतो. तेलाचा सरासरी वेग शाफ्टच्या पृष्ठवेगाच्या निम्मा असल्याने ही गरगर फेऱ्यांच्या निम्म्याहून थोड्या कमी वारंवारतेने होते. ३,००० फेरे प्रति मिनिट फिरणाऱ्या संचात ती साधारण २१ ते २४ हर्ट्‌झ एवढी दिसते. तिची वारंवारता शाफ्टच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली तर कंपन भयंकर वाढते. न्यूकर्क व टेलर यांनी १९२५ मध्ये हा प्रकार तेलामुळे होतो असे दाखवले. लंबगोल छिद्राचे किंवा हलत्या पॅडचे बेअरिंग हे त्यावरचे रूढ उपाय आहेत.

थ्रस्ट बेअरिंग : शाफ्टवरची सपाट कॉलर (शाफ्टभोवतीचे रुंद कडे) सपाट चकतीवर फिरवली तर पाचर तयार होत नाही. म्हणून जुन्या जहाजांत शाफ्टवर अनेक कॉलरी ओळीने बसवून रेटा त्यांत वाटत. ही मांडणी अवजड असून सतत तापत असे. यावरचा उपाय दोघांनी स्वतंत्रपणे शोधला. मेलबर्नचे ए. जी. एम. मिचेल यांनी १९०५ मध्ये मर्यादित रुंदीच्या पॅडचे गणित प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी ब्रिटिश पेटंट मिळवले. अमेरिकेचे ॲल्बर्ट किंग्जबरी यांनी रेनल्ड्झ यांचा निबंध वाचून १८९८ च्या सुमारासच तसे बेअरिंग करून पाहिले होते. त्यांचे पेटंट १९१० चे. प्रयोगात किंग्जबरी आधीचे, छापील सिद्धांत व पेटंट यांत मिचेल आधीचे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. पेन्सिल्व्हेनियातील होल्टवुड जलविद्युत् केंद्रात १९१२ मध्ये किंग्जबरी यांचे बेअरिंग बसले आणि उभ्या शाफ्टच्या मोठ्या संचांचा मार्ग मोकळा झाला.

दोन्ही रचनांत कॉलरीखाली अनेक सुटे पॅड असतात आणि प्रत्येक पॅड आपल्या टेकूवर किंचित कलून स्वतःची पाचर स्वतः साधतो. सपाट पॅडमध्ये दाबाचा मध्य नेहमी तेल बाहेर पडणाऱ्या कडेकडे झुकतो. त्यामुळे टेकू शिरणाऱ्या कडेपासून लांबीच्या सुमारे ५८ टक्क्यांवर असावा असे गणित सांगते. टेकू बरोबर मध्यावर ठेवला तर, स्थिर श्यानता धरल्यास, पॅडने मुळीच भार घेता कामा नये. प्रत्यक्षात मध्यावर टेकलेले पॅड उत्तम चालतात. दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या यंत्रांत तर तेच वापरावे लागतात. मुंबईला वीज पुरवणाऱ्या भिरा येथील १५० मेगावॉटच्या उदंचन संचासारख्या संचांत यंत्र एकदा टर्बाइन म्हणून आणि एकदा पंप म्हणून उलटे फिरते, तेथे एका बाजूला सरकलेला टेकू उलट फेरीत घातक ठरेल. मागे जाताना एंजिनच उलटे फिरवणाऱ्या जहाजांचीही हीच अडचण असते.

या विसंगतीची कारणे बरीच चर्चिली गेली. फॉग यांनी १९४६ मध्ये समांतर पृष्ठभागांचे बेअरिंगही भार घेते असे दाखवून तापणाऱ्या तेलाच्या प्रसरणाकडे बोट दाखवले. तेल फटीत प्रसरण पावून ‘औष्णिक पाचर’ होते असा त्यांचा तर्क होता. मात्र या प्रसरणाचा परिणाम मोजला तर तो अपुरा भरतो. रायमोंडी व बॉइड यांनी १९५५ मध्ये पॅड किंचित फुगीर झाला तरी मध्यटेकू पुरतो असे गणिताने सिद्ध केले. दाबाने वाकून व वरचा भाग खालच्यापेक्षा अधिक तापून पॅड असा फुगतोच. तेल पुढे जाता जाता पातळ होणे हेही कारण जोडीला आहेच. पण पॅडची फुगीरता हे मुख्य कारण, हे मत आता अधिक ग्राह्य धरले जाते.

धातू व तेल : पॅडच्या आणि बेअरिंग शेलच्या आतल्या बाजूस व्हाइट मेटल (बॅबिट) ओततात, कथिल सुमारे ८९ टक्के, बाकी अँटिमनी व तांबे. आयझॅक बॅबिट यांचे पेटंट १८३९ चे. हा धातू मऊ असल्याने तेलातला बारीक कण त्यात रुतून बसतो व शाफ्ट वाचतो. तो सुमारे २४०° से.ला वितळू लागतो, पण त्याच्या बराच आधी मऊ पडतो. म्हणून पॅडचे तापमान १००° से.च्या आसपास गेले की धोक्याची घंटा ठेवतात. सुरू होताना व थांबताना वेग अपुरा असल्याने झीज मुख्यतः तेव्हाच होते. जड रोटर त्यासाठी प्रथम दाबाच्या तेलाने उचलून घेतात. याला जॅकिंग ऑइल म्हणतात. टर्बाइनला बहुधा ४०° से.ला ३२ किंवा ४६ सेंटिस्टोक श्यानतेची तेले वापरतात.

मुंबईतील उपयोग : बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली. टॉवर यांनी तपासलेली रचना, म्हणजे आसाच्या वर अर्धे बेअरिंग व खाली तेल, रेल्वेच्या जुन्या ॲक्सल बॉक्समध्ये दीर्घकाळ होती. तेल कमी पडले की बेअरिंग तापून ‘हॉट ॲक्सल’ होई. आता डब्यांच्या आसांवर रोलर बेअरिंगे आहेत. गिरणगावात वाफेच्या एंजिनावरून माळ्यामाळ्यांवर शक्ती नेणाऱ्या लाइन शाफ्टना कडीने तेल वर आणणारी जर्नल बेअरिंगे असत. खोपोलीची वीज १९१५ मध्ये आल्यावर गिरण्या मोटरींकडे वळू लागल्या.

आज शहराच्या हद्दीतले मोठे उदाहरण म्हणजे ट्रॉम्बे औष्णिक केंद्रातील टर्बाइने. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘निलगिरी’ ही वाफेच्या टर्बाइनांवर चालणारी फ्रिगेट होती. अशा जहाजात पंख्याचा सगळा रेटा थ्रस्ट ब्लॉकमधून (थ्रस्ट बेअरिंगच्या घरातून) सांगाड्यावर येतो, म्हणजे जहाज पुढे ढकलले जाते ते तेलाच्या त्या थरातूनच. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या ऑइल कूलरची नळी गळली तर खारे पाणी तेलात मिसळते. म्हणून तेलाच्या नमुन्यातील पाण्याचे प्रमाण नियमित तपासतात. काही जहाजांत स्टर्न ट्यूबमधील (शाफ्ट जहाजाच्या मागच्या टोकातून बाहेर नेणाऱ्या नळीतील) बेअरिंगला तर मुद्दाम समुद्राचे पाणीच वंगण म्हणून देतात. १८५४ मध्ये जॉन पेन यांनी त्यासाठी लिग्नम व्हायटी या कठीण लाकडाच्या पट्ट्या सुचवल्या. पाण्याची श्यानता तेलापेक्षा फार कमी असल्याने ही बेअरिंगे लांब ठेवावी लागतात. पुढे लाकडाची जागा रबर व संयुक्त पदार्थांनी घेतली आहे.