सोयीचे जू : ख्रिस्ती विसाव्याची पार्श्वभूमी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खानदेशात खांदेमळणी होते. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचे, आणि दुसरा दिवसभर त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही. हे हाताने केलेल्या माणसाला मत्तयाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय लवकर उमगतो. ‘कष्टी व भाराक्रांत’ लोकांना विसावा देईन, असे म्हणून येशू लगेच सांगतो, माझे जू आपणांवर घ्या. दमलेल्याला विसावा हवा, त्याला आणखी जू कशाला?

मराठी पवित्र शास्त्रात या जुवाला ‘सोयीचे’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘ख्रेस्तोस’, म्हणजे चांगले, कामाला येणारे. जू एका बाजूला कलले, आतून खडबडीत राहिले किंवा जोडीतला एक बैल उंच नि दुसरा ठेंगणा असला, की तीच जागा घासत राहते, खांदेसूज येते आणि बैल औताला मान देईनासा होतो. तेवढेच ओझे नीट बसलेल्या जुवाने दिवसभर ओढले जाते. त्या काळी यहुदी धर्मगुरू नियमशास्त्रालाही जू म्हणत. मत्तयात याच्या लगेच पुढचा प्रसंग शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, वादाचा आहे, तो उगाच नव्हे. शिष्यांनी शब्बाथ दिवशी कणसे मोडून खाल्ली म्हणून परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ, अडून बसतात. विसाव्याचा दिवसच ओझे झाला होता.

हा दिवस आला कुठून? ‘शब्बाथ’च्या हिब्रू धातूचा अर्थ थांबणे. दहा आज्ञांच्याही आधी, निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, तो मान्न्याच्या, म्हणजे रानात देवाने पुरवलेल्या अन्नाच्या, मापातून शिकवला आहे. माणशी रोज एक ओमर, साधारण 2 लिटर. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमर गोळा करायचे, आणि तो साठा खराब झाला नाही. सातव्या दिवशी काही जण तरीही रानात गेले नि रिकाम्या हाताने परतले. विसाव्याची तयारी आदल्या दिवशी करावी लागते, हे तिथपासून चालत आले आहे.

अनुवाद नावाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा पुन्हा येते, तेव्हा दासदासींसोबत बैल आणि गाढवही नाव घेऊन सांगितले आहेत. कारणही दिले आहे : तुम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) दास होता. त्या दास्यात विटांसाठी भुसा देणे बंद झाले तरी विटांची ठरलेली संख्या कमी झाली नव्हती. वीटभट्टीवर उचल फेडणाऱ्या कुटुंबाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रविवार पुढे आला तो येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून. इ.स. 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने शहरातल्या न्यायाधीशांना व कारागिरांना रविवारी सुटी दिली. शेतकऱ्यांना मात्र कामाची मुभा ठेवली, कारण पेरणीची वेळ हुकता कामा नये. आपल्याकडे गिरणी कामगारांची रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने 1890 मध्ये मुंबईत मिळाली. त्यांच्या मागणीत खंडोबाचा वार हेही कारण होते. 1891 च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुटी कायद्यात आली. शेतमजूर त्या कायद्याबाहेरच राहिला. खेड्यात त्याची सुटी ठरते ती बाजाराच्या वारावरून.

पश्चिम खानदेशात स्वीडनच्या अलायन्स मिशनने काम केले. नंदुरबार-नवापूर पट्ट्यातल्या भिल्ल आणि मावची ख्रिस्ती मंडळ्या आजही आहेत. दिवाळीनंतर यातले बरेच लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात. कारखान्याचे गाळप रविवारी थांबत नाही, म्हणून कोयताही थांबत नाही. अशा वेळी विसावा मागे गावातल्या उपासनेत अडकवून ठेवला, तर मोठा हंगाम कोरडाच जातो. खोपीतली दहा मिनिटांची घरभक्ती, एक स्तोत्र नि एक गाणे, इतके पुरते.

थकवा म्हणजे विश्वास कमी पडला, हे काही व्यासपीठांवरून सांगितले जाते. ते चूक आहे. ‘1 राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत उपदेश करत नाही. तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून खायला घालतो, मग चाळीस दिवसांची वाट. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न होरेब डोंगराला पोहोचल्यावर येतो. झोप, भाकर, पुन्हा झोप, आणि बोलणे सगळ्यात शेवटी : हाच क्रम धरावा.

आजच्या रविवारी मोडते ते इथे. सकाळी उपासना, मग संडे स्कूल, महिला मंडळ, संध्याकाळी घरभेटी. पाळक आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया सोमवारी जास्त दमलेल्या. भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्याची ‘रेस्ट’ तर बुधवारीही पडते. लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात सांज ते सांज अशी मोजणी आहे, ती अशा घरांना सोयीची. मंगळवारी दिवे लागायच्या आत भाकरी थापून, भाजी करून चूल विझवायची, पाणी भरून ठेवायचे, मोबाइल बाजूला. जेवण, प्रार्थना, झोप. म्हणजे विसाव्याची सुरुवातच झोपेने होते आणि बुधवारी सकाळी कुणाला चुलीपुढे बसावे लागत नाही.