बर्डीच्या किल्ल्यावरची दोन सालं: १८१७ आणि १८५७

नागपूरच्या सीताबर्डी टेकडीवरचा, म्हणजे बर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी तो आपल्याला आतून पाहायला मिळतो. त्या रांगेत उभं राहिलं की कोणीतरी पोराला सांगत असतंच, "आप्पासाहेब भोसल्यांच्या शिपायांनी सत्तावनचं बंड इथंच केलं." चाळीस वर्षांची एका वाक्यात खिचडी!

१८१७ ला झाली ती नागपूरचे राजे आप्पासाहेब आणि इंग्रज यांच्यातली सरळ लढाई. दौलत भोसल्यांची, फौजही त्यांचीच. आप्पासाहेबांनी आदल्या वर्षी तैनाती फौजेचा तह केला होता खरा; पण नोव्हेंबरात, इंग्रजांशी लढत असलेल्या पेशव्यांकडून आलेली सेनासाहेब सुभा पदाची वस्त्रं त्यांनी उघडपणे स्वीकारली आणि दरबारातला कंपनीचा वकील, रेसिडेंट जेंकिन्स, काय ते समजला. २६ च्या संध्याकाळी तोंड लागलं, ते २७ च्या दुपारपर्यंत. भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी बर्डीच्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी घेतलीसुद्धा होती. कंपनीच्या घोडदळानं पारडं फिरवलं. इंग्रज याला दगाबाजी म्हणत. म्हणोत बापडे! तह मोडणारा राजा आणि ज्याचा पगार खातो त्याच्यावर उलटणारा शिपाई, या दोन निराळ्या गोष्टी.

दुसरी गोष्ट १८५७ ची, आणि तीही बंडाची नाही, बंडाच्या बेताची. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, डलहौसीनं राज्य खालसा केलं. त्यामुळे नागपूरजवळच्या टाकळीच्या छावणीतले स्वार आता कंपनीचेच चाकर होते. शहरातल्या काही मुसलमान मंडळींशी संधान बांधून त्यांनी १३ जूनची रात्र ठरवली. खूण मोठी देखणी होती: शहरातून पेटते फुगे आभाळात चढले की उठायचं. फुगे चढायच्या आधीच बातमी फुटली. पायदळाकडे धाडलेला दफेदार पकडला गेला, पायदळ आणि तोफखाना जागचे हलले नाहीत, जवळच्या कामठी छावणीची मद्रासी पलटण इंग्रजांच्या पाठीशी उभी राहिली.

आणि भोसल्यांचा वाडा? दुसऱ्या रघुजींच्या विधवा बाकाबाईंनी आपलं सगळं वजन इंग्रजांच्या बाजूनं टाकलं. १८१७ चा रणसंग्रामही त्यांच्या हयातीतलाच. तेव्हा वाडा लढत होता आणि आता लढू पाहणाऱ्यांच्या मागं वाडा नव्हता. कटाच्या म्होरक्यांना फाशी दिली ती याच किल्ल्यावर.