कुकीज पुसण्याआधी लॉगआउट करा

प्रवेशाच्या दिवसांत सांगली-साताऱ्यातल्या ई-सेवा केंद्रांत आणि सायबर कॅफेंत एकाच संगणकावर दिवसभर माणसं बदलत राहतात. कुणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, कुणी सीईटीचा, कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो. काम झालं की टॅब बंद करायचा, पैसे द्यायचे आणि निघायचं. पुढच्याने जीमेल उघडलं की आधीच्याचा इनबॉक्स समोर येतो, कारण टॅब बंद केल्याने कुकी जात नाही.

वेबसाइट आणि ब्राउझर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक क्लिक सर्व्हरला, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकाला, नव्या पाहुण्यासारखा असतो. यावर १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी उपाय काढला: सर्व्हरने मजकुराचा एक छोटा तुकडा ब्राउझरकडे ठेवायला द्यायचा आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर तो परत दाखवायचा. हीच कुकी. तिचा आकार साधारण ४ केबीपर्यंत असतो. ती प्रोग्रॅम नसते, त्यामुळे व्हायरससारखी स्वतःहून काही करत नाही. काही कुकीज ब्राउझर बंद होताच जातात, काहींना मुदत असते. क्रोममध्ये ती जास्तीत जास्त ४०० दिवसांची.

लॉगिनची कुकी देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडच्या बिल्ल्यासारखी असते. बिल्ला ज्याच्या हातात, त्याला चप्पल मिळते. नाव कुणी विचारत नाही. ही कुकी दुसऱ्याच्या हाती पडली तर पासवर्ड आणि ओटीपी न देताच तो तुमच्या खात्यात शिरू शकतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी साइटवर लॉगआउट करा. त्याने नीट बांधलेल्या साइटचा सर्व्हर ते सेशनच, म्हणजे चालू असलेलं लॉगिनच, रद्द करतो. नुसती कुकी पुसली तर फक्त त्या संगणकावरची प्रत जाते. कुणी आधीच तिची नक्कल केली असेल तर ती चालूच राहते.

सार्वजनिक संगणकावर सुरुवातच खासगी (इनकॉग्निटो) विंडोने करावी, म्हणजे ती बंद केल्यावर तिच्यातल्या कुकीज जातात: क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. इथे हमखास एक चूक होते. सगळ्या खासगी विंडो मिळून एकच सेशन वापरतात. तुमची बंद केली, पण आधीच्या कुणाची खाली मिनिमाइझ होऊन राहिली असेल, तर तुमचं लॉगिन तिच्यात जिवंत राहतं. टास्कबार बघून सगळ्या बंद करा. आणि डाउनलोड केलेलं आधार कार्ड किंवा मार्कलिस्ट खासगी विंडो पुसत नाही. ती फाइल डाउनलोड्स फोल्डरमधून आणि नंतर रिसायकल बिनमधूनही काढावी लागते.

साध्या विंडोत काम केलं असेल तर लॉगआउटनंतर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबा. कालावधी ‘सगळा काळ’ निवडा. तिथे बऱ्याचदा थोडाच वेळ निवडलेला असतो आणि कुकीज पुसल्याचा नुसता भास होतो. घरी येऊन लॉगआउट राहिल्याचं आठवलं, तरी हात बांधलेले नाहीत. फोनवर गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘तुमची डिव्हाइस’ ही यादी असते. त्यातला अनोळखी संगणक निवडून साइन आउट करा.

स्वतःच्या संगणकावर मात्र सगळ्या कुकीज वारंवार पुसू नयेत. दर वेळी सगळीकडे लॉगिन करावं लागतं आणि माणूस कंटाळून काळजी घेणंच सोडतो. तिथे अडवायच्या त्या थर्ड-पार्टी कुकीज. तासगावच्या बागायतदाराने ठिबकच्या नळ्यांचे भाव एका दुकानाच्या साइटवर पाहिले आणि त्याच पानावर एखाद्या जाहिरात कंपनीचाही कोड असेल, तर ती कंपनी स्वतःची कुकी ठेवते. तिचाच कोड बातम्यांच्या साइटवर असला, की तीच कुकी तिथे ओळख देते आणि बातमीशेजारी ठिबकची जाहिरात येते. पानं वेगळी, पण नोंदवही एकच.

सफारी २०२० पासून या कुकीज आपणहून अडवते. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोम त्या बंद करणार असं गुगल अनेक वर्षं सांगत होतं, पण एप्रिल २०२५ मध्ये ही निवड वापरणाऱ्यावरच सोडली. त्यामुळे क्रोम वापरत असाल तर हे स्वतः करावं लागेल. संगणकावर सेटिंग्ज, मग ‘गोपनीयता आणि सुरक्षा’, मग थर्ड-पार्टी कुकीज. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज आणि तोच पर्याय. तिथे ‘ब्लॉक’ निवडा. सगळ्याच कुकीज बंद करू नका, नाहीतर लॉगिनचं पान पुन्हा पुन्हा तेच येत राहील. एखादा पेमेंटचा चौकोन अडला तर अॅड्रेस बारमधल्या डोळ्याच्या चिन्हावरून तेवढ्या साइटला परवानगी देता येते.

‘सर्व स्वीकारा’ची पाटी आली की ‘नाकारा’ शोधा. साइट चालायला लागणाऱ्या कुकीज तरीही येतात, त्यामुळे सहसा काही बिघडत नाही.

कुकीज अडवल्या तरी आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतो. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ब्राउझरची आवृत्ती जुळवूनही यंत्र ओळखता येतं. फोनमधली अॅप्स तर माग काढायला कुकीऐवजी बहुतेकदा जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, वापरतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गुगल, मग जाहिराती इथे जाऊन तो आयडी हटवता येतो.