दोन चॅनलांतून सराउंड: जुन्या स्टिरिओमागचा इतिहास

जुना स्टिरिओ घरात ठेवूनच सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी वेगवेगळा आवाज, करायचं म्हटलं की पहिली अडचण अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे दिसते. तिथे स्पीकरच्या दोन जोड्यांसाठी टर्मिनलं असली, तरी आत चॅनल, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र वाटा, दोनच असतात. ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन्ही बटणं दाबून चार स्पीकर लावले, तर चारही तेच डावं-उजवं वाजवतात. खोलीभर आवाज होतो, सराउंड होत नाही.

दोनचा आकडा आला रेकॉर्डच्या खाचेतून. ईएमआय कंपनीतले अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये दाखल केलेल्या ब्रिटिश पेटंटात, खाचेच्या काटकोनातल्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरण्याची युक्ती होती. प्रत्यक्षात स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात रुळायला १९५८ उजाडलं. सुईला वाचायला दोन भिंती होत्या, तिसरी नव्हती. स्टिरिओ कॅसेट, एफएम आणि पुढे सीडी यांनीही तोच आकडा चालवला. त्यामुळे घरगुती सराउंडचा निम्माअधिक इतिहास हा दोन चॅनलांत जास्तीचं काही लपवण्याचा आणि ते पुन्हा बाहेर काढण्याचा आहे.

यातली सर्वांत स्वस्त युक्ती १९७० च्या सुमाराला डायनाको कंपनीच्या डेव्हिड हॅफ्लर यांनी लोकप्रिय केली. डाव्यातून उजवं वजा करायचं आणि उरेल ते मागच्या स्पीकरला द्यायचं. गायकाचा आवाज सहसा दोन्ही चॅनलांत सारखाच असतो, म्हणून तो वजाबाकीत नाहीसा होतो. सभागृहाचा घुमारा आणि टाळ्या दोन्हीकडे वेगवेगळ्या असतात, त्या उरतात. यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. मागच्या डाव्या स्पीकरची लाल वायर अ‍ॅम्पच्या डाव्या लाल टर्मिनलला, उजव्याची उजव्या लाल टर्मिनलला, आणि दोन्ही स्पीकरांच्या काळ्या वायरी फक्त एकमेकींना जोडायच्या. पुढचे स्पीकर होते तसेच राहतात.

ही जोडणी आजही चालते, पण आधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. अ‍ॅम्पचा प्लग काढून आणि सगळे स्पीकर सोडवून, मल्टिमीटरने दोन्ही काळी टर्मिनलं आतून एकमेकांना जोडलेली आहेत का ते पाहावं. शून्याच्या जवळ ओहम (विद्युत विरोधाचं माप) आले तर ठीक. नाहीतर अ‍ॅम्प ब्रिज पद्धतीचा, म्हणजे काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असणारा, असू शकतो. त्याला हात लावू नये. दुसरी गोष्ट भाराची: ओहम जितके कमी, तितका अ‍ॅम्पवर भार जास्त. मागे ८ ओहमचा एकच स्पीकर दोन लाल टर्मिनलांमध्ये लावला, तर डावा-उजवा सिग्नल एकमेकांच्या उलट असताना तो प्रत्येक चॅनलला ४ ओहम भासतो. त्याला पुढचा ८ ओहमचा स्पीकर समांतर, म्हणजे एकूण २.७ ओहमच्या आसपास. इतका भार बरेच जुने अ‍ॅम्प फार वेळ सोसत नाहीत. आधी तापतात, मग आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. मागे ८ ओहमचे दोन स्पीकर असतील, तर वर सांगितलेल्या जोडणीत ते मालिकेत येतात आणि भार ४ ओहमवर थांबतो. म्हणून मागे दोनच लावावेत. आणि अ‍ॅम्पच्या पाठीवर ४ ओहम चालतील असं छापलेलं नसेल, तर हा प्रयोग करूच नये.

याच काळात कंपन्यांनी चार चॅनलांचा मोठा घाट घातला. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस आणि जेव्हीसीची सीडी-४ या तीन पद्धती, आणि एकीचं दुसरीशी जुळत नव्हतं. पहिल्या दोन्ही चार चॅनल दोनांत मिसळायच्या. सीडी-४ मात्र खाचेत ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर पुढच्या-मागच्या आवाजांतला फरक नोंदवून चारही चॅनल खरोखर वेगळे ठेवायची. ती वाचायला खास घडणीची सुई लागे. साध्या सुईने रेकॉर्ड वाजवली की ती नाजूक लहर घासून जाई. दशक सरता सरता सगळंच आटोपलं. त्या वेळचे ‘क्वाड’ लिहिलेले अ‍ॅम्प अजून जुन्या बाजारात दिसतात. चार अ‍ॅम्प एका पेटीत म्हणून ते उपयोगी आहेत, पण त्यातल्या डीकोडरकडून (मिसळलेले चॅनल पुन्हा वेगळे करणाऱ्या सर्किटकडून) चित्रपटाच्या सराउंडची अपेक्षा ठेवू नये.

खरी कलाटणी चित्रपटगृहांतून आली. १९७० च्या दशकाच्या मध्यात डॉल्बी स्टिरिओने ३५ मिलिमीटर फिल्मच्या दोन ध्वनिपट्ट्यांत चार चॅनल बसवले: डावा, मधला, उजवा आणि मागचा. मधला आवाज ३ डेसिबलने कमी करून दोन्हींत सारखा मिसळायचा. मागचाही तसाच ३ डेसिबलने कमी करून दोन्हींत घालायचा, पण एकीकडे फेज, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ, ९० अंश पुढे आणि दुसरीकडे ९० अंश मागे. डीकोडरने बेरीज केली की मधला आवाज मिळतो, वजाबाकी केली की मागचा. म्हणजे हिशेब पुन्हा वजाबाकीचाच, फरक इतकाच की आता ध्वनिमुद्रकाने ती आधीच ठरवून ठेवलेली. चार चॅनल दोनांतच असल्याने ही मिसळण चित्रपटासोबत स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवर आपोआप उतरली. १९८२ पासून ती उलगडणारे डॉल्बी सराउंड डीकोडर घरांत येऊ लागले.

या पहिल्या डीकोडरांची एक खोड होती. शेजारच्या दोन चॅनलांत जेमतेम ३ डेसिबलचा फरक राहायचा, त्यामुळे पुढचा आवाज मागेही ऐकू यायचा. त्यावर दोन उपाय होते. मागचा आवाज साधारण २० मिलिसेकंद उशिरा सोडायचा, कारण आधी पोचणाऱ्या आवाजाची दिशाच कान खरी मानतो. शिवाय ७ किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाकायचं. टेपचं हेड जरा तिरकं असलं की वरच्या पट्टीत दोन चॅनलांची फेज जुळत नाही, आणि ‘स’, ‘श’ मागच्या स्पीकरमधून फिसफिसतात. १९८७ च्या डॉल्बी प्रो लॉजिकने जिथे आवाज ठळक आहे तिकडे सिग्नल वळवणारं सर्किट आणलं आणि मधल्या स्पीकरला स्वतंत्र जागा दिली. तरी मागचे दोन्ही स्पीकर एकच मोनो सिग्नल वाजवत होते. मागे स्टिरिओ आणि पूर्ण पट्टी मिळाली ती २००० च्या प्रो लॉजिक २ मध्ये. जुन्या कॅसेटी, सीडी आणि स्टिरिओ टीव्हीसाठी आजही आमची पसंती यालाच आहे. वापरलेला रिसीव्हर (डीकोडर आणि अ‍ॅम्प एकत्र असलेलं यंत्र) घेताना हा ‘२’ आहे की नाही ते पॅनलवर पाहून घ्यावं.

डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये चित्रपटगृहांत, १९९५ मध्ये लेसरडिस्कवर आणि मग डीव्हीडीवर आलं. इथे सहा चॅनल खऱ्या अर्थाने वेगळे झाले, पण वाट जुनीच राहिली: सीडीचा दोन चॅनलांचा डिजिटल सिग्नल नेणारी ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल केबल. सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, डीव्हीडीवरचं डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच चॅनल आणि एक फक्त खर्जाचा) फार तर ४४८ मध्ये मावतं. म्हणून एचडीएमआय नसलेला जुना रिसीव्हरही ५.१ साठी आजही पुरतो. मात्र ब्लू-रेवरचं डॉल्बी ट्रूएचडी या केबलमधून जात नाही, त्याला साधारणपणे एचडीएमआय लागतं. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून फक्त स्टिरिओ येत असेल, तर दोष बहुधा केबलचा नसतो. टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर, म्हणजे दोन चॅनलांच्या साध्या डिजिटल आवाजावर, असतं, ते ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ करावं.

जुना अ‍ॅम्प आणि त्याचे मोठे स्पीकर चांगले असतील, तर ते पुढच्या जोडीसाठी ठेवणं हाच शहाणपणा. त्यासाठी ‘फ्रंट प्री-आउट’ (पुढच्या चॅनलांचा न वाढवलेला सिग्नल देणारी जागा) असलेला रिसीव्हर हवा. स्वस्त रिसीव्हरांत बहुधा फक्त सबवूफरचं (खर्जाच्या स्पीकरचं) प्री-आउट असतं, तेवढ्याने हे काम होत नाही. प्री-आउटची केबल जुन्या अ‍ॅम्पच्या ‘ऑक्स’ला जोडावी, ‘फोनो’ला (रेकॉर्ड प्लेयरच्या जागेला) कधीच नाही, तिथे आवाज कित्येक पटींनी वाढतो आणि खर्ज फुगतो. अ‍ॅम्पमागे ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ यांना जोडणारी धातूची छोटी पट्टी असेल, तर ती काढून सरळ ‘मेन-इन’ला द्यावं, म्हणजे जुना व्हॉल्यूम मध्ये येतच नाही. नाहीतर जुना व्हॉल्यूम एका खुणेवर कायम ठेवून बेस आणि ट्रेबल शून्यावर आणावेत. ‘लाउडनेस’चं बटण चालू राहणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक, खर्ज जड का लागतो ते मग दिवसभर कळत नाही.

पुढचे दोन स्पीकर ऐकणाऱ्यापासून मधल्या रेषेच्या ३० अंश डावी-उजवीकडे आणि मागचे ११० अंशांच्या आसपास ठेवावेत. स्पीकरांची अंतरं टेपने मोजून रिसीव्हरमध्ये भरावीत, कारण १ मीटरचा फरक म्हणजे जवळपास ३ मिलिसेकंद. सगळे स्पीकर चाचणीच्या खरखरीवर ७५ डेसिबलला जुळवावेत. मधला स्पीकर पुढच्या जोडीच्या सुराचा मिळत नसेल, तर न लावलेलाच बरा. सेटिंगमध्ये ‘सेंटर नाही’ निवडलं की त्याचा आवाज पुढच्या दोघांत वाटला जातो. सबवूफर नसेल तर तेही सेटिंगमध्ये सांगावं. मागे लहान स्पीकर असतील तर त्यांना ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झखालचं काम सबवूफरकडे द्यावं.

अशा दोन यंत्रांच्या जोडणीत रिसीव्हर आधी चालू करावा आणि जुना अ‍ॅम्प नंतर. बंद करताना उलट. नाहीतर रिसीव्हर सुरू होतानाचा धक्का अ‍ॅम्प मोठा करून वूफरपर्यंत पोचवतो, आणि शंकूच्या कडेचा जुना फोम फाटायला तेवढं पुरतं.