तारीख नसलेलं बाळंतपण

अमेरिकेतल्या एखाद्या रेस्क्यू केंद्रात मिनिएचर घोडी दाखल होते, तेव्हा तिच्याबरोबर कागद क्वचितच येतो. कुणाच्या तरी परसात एका नरासोबत वर्षानुवर्षं ठेवलेली, खुरं वाढून पुढे वळलेली, आयाळीचा गुंता झालेला. पोट मोठं दिसतं, पण ते शिंगराचं, जंतांचं की नुसत्या निकृष्ट वैरणीचं, हे पाहून कळत नाही. आणि शिंगरू असलंच, तर कितव्या महिन्याचं? घोडीचे दिवस साधारण ११ महिने. त्यांतले किती सरले हे कुणालाच ठाऊक नसतं.

जनावर आपल्या कमरेपर्यंतही जेमतेम पोचतं. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमानुसार, आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथून जमिनीपर्यंत जास्तीत जास्त ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. या उंचीमुळे तपासणीपासूनच अडचण सुरू होते. मोठ्या घोडीची गर्भतपासणी पशुवैद्य गुदमार्गातून हात घालून करतात. इथे तसं करताना आतडं फाटण्याची भीती असते, म्हणून पोटावरून सोनोग्राफी करतात किंवा रक्तातलं इस्ट्रोन सल्फेट मोजतात. हे संप्रेरक गर्भ आणि वार मिळून तयार करतात. त्यामुळे चार महिन्यांनंतर त्याची पातळी चढी असेल, तर आतलं शिंगरू जिवंत आहे असं मानता येतं.

मग हात फिरवायचा तो बरगड्यांवर. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नये, हिवाळ्यातली दाट लव हाडंसुद्धा झाकून टाकते. अंगावर मांस-चरबी किती आहे याला १ ते ९ गुण देण्याची पद्धत १९८३ मध्ये हेनेके यांनी मांडली. ती आजही जगभर वापरली जाते. गुण १ असो की ९, दोन्ही टोकांना धोका आहे, आणि दोन्हीकडे माणसाची माया घात करू शकते.

खंगलेल्या घोडीपुढे भरलेली चंदी ठेवावीशी वाटते. पण उपाशी शरीराला अचानक पिष्टमय धान्य मिळालं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातला फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढला जातो. रक्तातले हे क्षार घसरले की हृदय आणि श्वासाचे स्नायू साथ सोडतात. खायला मिळू लागल्यावर तीन ते पाच दिवसांत घोडी दगावते, आणि खायला घालणाऱ्याला काय चुकलं तेच उमगत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी अशा घोड्यांवर निरनिराळे आहार वापरून पाहिले, तेव्हा लसूणघास उजवा ठरला. त्यात पिष्ट कमी आणि प्रथिनं, फॉस्फरस, मॅग्नेशियम भरपूर. मूठमूठ, दिवसातून अनेकदा, असं दहा दिवस सावकाश वाढवत न्यायचं.

लठ्ठ गाभण घोडीचा धोका मला याहून भयंकर वाटतो, कारण तो दिसतच नाही. मिनिएचर घोडे, तट्टं आणि गाढवं थोडक्या चाऱ्यावर तगणारी. चरबी साठवायची आणि टंचाईत ती सोडायची, ही त्यांच्या शरीराची रीत. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोटातलं शिंगरू साखर ओढत असतं आणि आईचं शरीर इन्सुलिनला फारसं जुमानत नाही. अशा वेळी कुणी ‘वजन उतरवू या’ म्हणून वैरण तोडली, किंवा प्रवासाने, सोबतीण दुरावल्याने घोडीने स्वतःच खाणं सोडलं, तर चरबीचा बांध फुटतो. यकृताला ती पेलवत नाही. रक्त काढून ठेवलं तर वरचा द्रव दुधासारखा पांढरट दिसतो. म्हणून गाभण असताना तिला बारीक करायचं नाही. एक दिवस चारा नाकारला तरी डॉक्टरांना बोलवायचं, उद्यापर्यंत वाट पाहायची नाही.

जंताच्या औषधाचंही तसंच. अंदाजाने पिचकारी दाबू नये, फितीने माप घेऊन वजन काढावं. मॉक्सिडेक्टिन हे जंतनाशक चरबीत साठतं, त्यामुळे चरबीच नसलेल्या किरकोळ जिवाला त्याची विषबाधा होऊ शकते.

चरायला कुठलं गवत आहे तेही विचारावं. अमेरिकेच्या पूर्व भागात टॉल फेस्क्यू पुष्कळ, आणि त्याच्या आत एक बुरशी राहते. बुरशीतली द्रव्यं प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक दाबतात. मग दिवस लांबतात, वार जाड होते, कास भरतच नाही. विण्याआधी किमान दोन-तीन महिने घोडी या कुरणातून हलवावी असं सांगतात. तारीखच माहीत नसेल तर आजच हलवावी.

कास न भरणं शिंगराच्या जिवावर बेततं. माणसाच्या बाळाला आईची प्रतिद्रव्यं वारेतून मिळतात, घोडीच्या वारेतून ती जात नाहीत. शिंगरू कोऱ्या रक्ताने जन्मतं आणि त्याचं सगळं संरक्षण चिकात असतं. म्हणून धनुर्वाताची लस विण्याआधी चार ते सहा आठवडे देतात, म्हणजे चिकात प्रतिद्रव्यं उतरतात. इथेही तारखेचा अंदाज सोनोग्राफीवरच बांधावा लागतो.

शेवटचे दिवस मात्र कास स्वतःच सांगते. सडांतून रोज संध्याकाळी दोन थेंब काढून पाण्याच्या कठीणपणाच्या पट्टीवर तपासतात. कॅल्शियम कार्बोनेटचं माप २०० पीपीएमच्या वर गेलं की बहुधा एक-दोन रात्रींचाच अवधी असतो. रात्री म्हणायचं, कारण बहुतेक घोड्या अंधारातच वितात. ठाणात स्वच्छ पेंढा, शेपटीला पट्टी, आणि लांबून पहारा.

मिनिएचर शिंगराचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, कपाळ फुगीर. अडण्याचं प्रमाण म्हणूनच जास्त. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं, पशुवैद्य तासाभराच्या अंतरावर असेल तर आधीच कळवून ठेवावं. प्रथम दिसायला हवी ती पांढरट निळसर, चकचकीत पिशवी. तिच्याऐवजी लाल, मखमली पडदा दिसला तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो आहे. तो पडदा तिथल्या तिथे कापून शिंगरू ओढून घ्यावं लागतं. बोथट टोकाची कात्री ठाणाच्या दाराशीच टांगलेली असावी, पहिल्या पहाऱ्याच्या रात्रीपासून.