मंगळावर जंतू सोडले की ग्रह हिरवा होईल?

बरीच वर्षं फिरणारा मेसेज असा: 'जंतू कुठेही जगतात, मंगळावर सोडले तर जुळवून घेतील आणि तो ग्रह हिरवा करतील.'

यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तो पटतो. काही जिवाणू बीजाणू (कडक कवचातलं झोपलेलं रूप) बनून वर्षानुवर्षं कोरडे पडून राहतात. पण तगणं वेगळं आणि वाढणं वेगळं.

घरीच बघा. कोमट दुधाला विरजण लावून वाटी लगेच फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी दूधच असेल. तीच वाटी बाहेर काढून पुन्हा कोमट करा, काही तासांत दही लागेल. म्हणजे जिवाणू मेले नव्हते, फक्त वाढत नव्हते.

आता मंगळ. तिथलं सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास. हवेचा दाब सुमारे 6 मिलिबार, आपल्याकडे समुद्रसपाटीला 1013. इतक्या कमी दाबात पाणी शून्य अंशाजवळच उकळतं, त्यामुळे जमिनीवर ते द्रवरूपात टिकत नाही. ओझोनचं दाट आवरण नसल्याने अतिनील किरण थेट पोचतात. उघड्यावरचे बीजाणू त्यात काही मिनिटांत मरतात. धुळीखाली, सावलीत मात्र ते तगू शकतात.

आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: जुळवून घ्यायला पिढ्या लागतात. पेशी दुभंगली, एखादा उपयोगी बदल झाला, तो पुढच्या पिढीत गेला, तरच उत्क्रांती. झोपलेला बीजाणू दुभंगतच नाही. म्हणूनच मंगळावर उतरणारी अंतराळयानं शक्य तितकी निर्जंतुक करून पाठवतात: हिरवळीच्या आशेने नव्हे, तर तगून राहिलेले आपलेच जंतू उद्या 'मंगळावरचे जीव' समजले जाऊ नयेत म्हणून.