वरळीची दोन लव्हग्रोव्ह आणि आपली दोन गटारं

मुंबईत वरळीला लव्हग्रोव्ह नावाची महापालिकेची दोन उदंचन केंद्रं, म्हणजे पंपिंग स्टेशनं, आहेत. नाव एकच, काम अगदी वेगळं. एक केंद्र तुंबलेलं पावसाचं पाणी उचलून समुद्रात सोडतं. तिथला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी ओढतो. दुसऱ्या केंद्रात घराघरांतलं मैलापाणी येतं. त्यावर प्रक्रिया करून ते सुमारे ३.४ किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून किनाऱ्यापासून दूर नेऊन सोडलं जातं.

आपण मात्र दोन्हीला 'गटार'च म्हणतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रस्त्याकडेच्या जाळीखाली असते ती पर्जन्य जलवाहिनी. तिच्यात पडलेलं काहीही नाल्यात, नाल्यातून खाडीत किंवा थेट चौपाटीवर जातं. वाटेत कुठेही प्रक्रिया केंद्र नाही. संडास-मोरीचं पाणी नेते ती मलनिःसारण वाहिनी, आणि तिच्या शेवटी प्रक्रिया असते. गॅरेजवाल्याने जाळीत ओतलेलं काळं तेल किंवा काँक्रीटचा ट्रक धुतलेलं पाणी 'गटारातच तर गेलं' असं वाटतं. प्रत्यक्षात ते समुद्रात गेलेलं असतं.

नियम लावण्याची रीतही म्हणूनच दोन तऱ्हांची आहे. मलवाहिनीचं तोंड एका जागी असतं. १९७४च्या जल प्रदूषण कायद्यानुसार तिथून पाणी सोडायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. मंडळ नमुना घेतं, तपासतं, मर्यादा ओलांडली तर नोटीस काढतं. ही संमती महापालिकेलाही घ्यावी लागते, हे फार कमी जणांना माहीत असतं.

पर्जन्य वाहिनीचं तसं नाही. घाण शिरायच्या जागा हजारो आणि दिसते मात्र पार टोकाला, पातमुखाशी, म्हणजे वाहिनी जिथे बाहेर उघडते तिथे. तिथला नमुना घाण निघाला म्हणून दंड कोणाला करायचा? तिथून उलट चालत यावं लागतं. यासाठी पावसाळा संपल्यानंतरचे महिने उत्तम. जानेवारीत मुंबईत पाऊस नसतो, म्हणजे ही वाहिनी कोरडी असायला हवी. तिच्यात पाणी वाहत असेल तर कुठेतरी चुकीची जोडणी असण्याची दाट शक्यता. मग एकेक मॅनहोल उघडत वर जायचं, वाहिनीत कॅमेरा सोडायचा. संशयित इमारतीच्या संडासात रंग ओतून तो कुठल्या मॅनहोलमध्ये उतरतो ते पाहायचं. रंग पावसाच्या वाहिनीत दिसला की वाद संपला. मालकाला जोडणी तोडायची नोटीस देता येते.

आमच्याच सोसायटीत एका प्लंबरने स्वयंपाकघराची लाइन सोयीची म्हणून पावसाच्या चेंबरला जोडली होती. आम्हाला कित्येक वर्षं पत्ता नव्हता. मुद्दाम कोणी केलं नव्हतं, तरी रोजचं खरकटं पाणी नाल्यात जातच होतं.

मला खटकतं ते इथे. २००६च्या उपविधींनी रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला २०० रुपये दंड ठेवला. तो माणूस समोर दिसतो, म्हणून सापडतो. रात्रंदिवस वाहणारी चुकीची जोडणी जमिनीखाली असते, म्हणून वर्षानुवर्षं सुटते, आणि तिचं प्रदूषण एका वेष्टणाच्या कितीतरी पट असतं. नालेसफाईच्या बातम्या दर मे महिन्यात गाळाच्या टनांबद्दल असतात. ते गरजेचं आहेच, पण गाळ उपसल्याने पाणी पुराचं थांबतं, मैल्याचं थांबत नाही.

नाल्याकाठच्या वस्तीत तर नोटिशीला अर्थच उरत नाही. गल्लीत मलवाहिनीच नसेल तर सेप्टिक टाकीचं उतू जाणारं पाणी जाणार कुठे? तिथे आधी महापालिकेने वाहिनी टाकायला हवी, दंडाची भाषा नंतर.

तुमच्या सोसायटीत ही तपासणी जानेवारीतल्या एखाद्या सकाळी करता येते. अंगणातल्या पावसाच्या चेंबरचं झाकण माहितगार माणसाकडून उघडून घ्या. आत कोणी उतरू नये, विषारी वायू असू शकतो. तळाशी साबणाचा फेस वाहताना दिसला तर प्लंबरला बोलवा. आणि रस्त्यावरच्या वाहिनीत दिसला तर महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर कळवा. तक्रार करताना 'गटार' न म्हणता 'पर्जन्य जलवाहिनी' म्हणा, म्हणजे ती योग्य विभागाकडे जाईल.